वादळाचा इशारा आला, पण पाऊस कुठंय? या चुका टाळा

मोबाइलवर इशारा येतो: येत्या दोन तासांत विजांच्या कडकडाटासह वादळी पाऊस. आपण खिडकीतून डोकावतो तर बाहेर लख्ख ऊन. ‘हे हवामानवाले काहीही सांगतात’ म्हणत आपण कामाला लागतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच: पावसाची वाट बघणं. वीज पावसातच पडते असं नाही. ढगापासून दहा-पंधरा किलोमीटर लांब, कोरड्या जागीही ती पडू शकते. गडगडाटही साधारण तेवढ्याच अंतरावरून ऐकू येतो, म्हणजे तो कानावर आला की तुम्ही विजेच्या टप्प्यात आलात. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की किलोमीटर निघतात, हे खरं. पण हा हिशोब घरात बसून करायचा. ‘अजून सहा किलोमीटर लांब आहे’ म्हणून मैदानात खेळत राहू नका. पुढची वीज तुमच्या शेजारी पडू शकते.

वाऱ्याचंही तसंच. ढगातून कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चहूबाजूंना पसरते आणि बऱ्याचदा पावसाच्या आधी पोचते. उकाड्यात अचानक गार वारा सुटला की आपण गच्चीवर जातो. जायचं असतं खरं तर उलट्या दिशेला.

‘मागच्या वेळी इशारा आला, काहीच झालं नाही.’ ही तक्रार मला पटते, पण तिच्यातून काढलेला निष्कर्ष पटत नाही. एकटा वादळी ढग काही किलोमीटर रुंदीचा असतो आणि तासाभरात विरूनही जातो. इशारा मात्र त्याच्या वाटेत येऊ शकणाऱ्या सगळ्या भागाला द्यावा लागतो. तुमच्याकडे थेंब पडला नाही, तेव्हा पलीकडच्या गावात पत्रे उडालेले असू शकतात. म्हणून इशाऱ्याचा नुसता रंग बघून फोन खाली ठेवू नका. कोणता भाग आणि किती वाजेपर्यंत, हे वाचा.

इशारा नाही म्हणजे धोका नाही, हाही गैरसमजच. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा वादळाला ‘तीव्र’ म्हणते ते वारा ताशी सुमारे ९३ किलोमीटर किंवा पडणारी गार अडीच सेंटिमीटरची, किंवा त्याहून जास्त असेल तर. त्या व्याख्येत विजेचा उल्लेखच नाही! तिथे साध्या वादळातली वीज माणूस मारू शकते, पण त्यासाठी तीव्र वादळाचा इशारा निघेलच असं नाही.

आडोसा निवडतानाही गल्लत होते. झाडाखाली नको, हे सगळ्यांना पाठ असतं. तरी भर पावसात पाय तिकडेच वळतात. बाजूंनी उघडी शेड, तंबू, मंडप हेही आडोसे नव्हेत, तिथे फक्त भिजणं टळतं. पक्कं घर उत्तम. ते जवळ नसेल तर धातूचं पक्कं छत असलेली, काचा बंद केलेली गाडी. गाडी वाचवते ती धातूच्या सांगाड्यामुळे, रबरी टायरमुळे नाही; त्यामुळे स्कूटरवर टायरचा भरवसा धरू नका. घरात आल्यावर अंघोळ आणि भांडी घासणं थोडं लांबवा, कारण नळाच्या पाइपातून वीज आत येऊ शकते. वायरचा फोनही नको. चार्जिंगला न लावलेला मोबाइल चालतो.

पाऊस थांबला की लगेच बाहेर पडणं ही शेवटची घाई. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून ३० मिनिटं मोजा. मध्ये पुन्हा गडगडलं तर मोजणी पहिल्यापासून.

आणि कुणावर वीज पडलीच, तर ‘हात लावू नका, करंट बसेल’ असं ओरडणाऱ्यांचं ऐकू नका. त्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. श्वास आणि हृदय थांबलं असेल तर रुग्णवाहिका बोलवून ताबडतोब सीपीआर (छाती दाबून हृदय आणि श्वास चालू करण्याचा प्रथमोपचार) सुरू करा. मात्र विजा चालूच असतील तर शक्य असल्यास त्याला आधी आडोशाला न्या.