नदीकाठच्या मोटारीवर चार कोरचा बोर्ड बसवताय? आधी त्याला झोपवायचं बघा

पंचगंगा चढायला लागली की मोटार वर ओढायला रात्रभर कोण जागणार? कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याला 39 फूट इशारा, 43 फूट धोका हे फोनवर कळतंय, खरं आपल्या मोटारीपाशी पाणी कुठवर आलंय ते कोण सांगणार, म्हणून मोटारीपाशी सोलर-बॅटरीवरचा छोटा कॉम्प्युटर बोर्ड बसवून पाणी बघायचा हा उद्योग.

नुसता फ्लोट स्विच, म्हणजे पाण्यावर तरंगणारं बटण, वाचायचा असेल तर चार कोर, म्हणजे एकाच चिपमध्ये चार मेंदू, घेऊच नका राव, ईएसपी 32 ही बारकी कंट्रोलर चिप लय झाली. कॅमेऱ्याच्या फोटोतनं पाण्यात रोवलेल्या फुटाच्या पट्टीवरचं पाणी ओळखायचंय तरच रास्पबेरी पाय झिरो 2 डब्ल्यू हा छोटा कॉम्प्युटर घ्या, 2021 ला आलेला, 1 गिगाहर्ट्झचे चार कॉर्टेक्स ए 53 कोर, रॅम तेवढी 512 एमबी. त्याचा मोठा भाऊ पाय 5 चा मोह नको, त्याला 5 व्होल्ट 5 अँपिअरचा अडॅप्टर सांगतात, सोलरवर ते परवडतंय व्हय?

आता चार कोरनं वीज वाचते कशी, तर चिप खाते ती पॉवर क्लॉकच्या, म्हणजे कोरच्या पळायच्या वेगाच्या, पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते, एकट्या कोरला जोरात पळवायचं तर व्होल्टेजपण चढवावं लागतं, त्यापेक्षा चौघांत पात वाटून दिली तर कमी क्लॉकवर काम उरकतं. खरं तुमचा प्रोग्रॅम काम वाटून घेणारा पाहिजे, नाहीतर एक राबतोय आणि तिघं बांधावर बसलेत. कुठला कोर किती राबतोय ते दाखवणारा एचटॉप प्रोग्रॅम लावून बघा, चारही पट्ट्या वर जातात का.

पण खरी बचत यात नाहीच. हिशेब करा, 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे 84 वॉट-अवर, लेड ॲसिड निम्मीच वापरायची, 12 चे 5 व्होल्ट करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये थोडं जातंय, हातात 35 वॉट-अवर राहतात. बोर्ड सरासरी 2 वॉट धरला तर 17-18 तासांत खेळ खल्लास, आणि आषाढात आपल्याकडं ऊन कधी पडतंय? तोच बोर्ड दर 15 मिनिटाला 2 मिनिटंच चालवला तर पाचेक दिवस निघतात. त्यासाठी सोबत ईएसपी 32 डीप स्लीपमध्ये, म्हणजे नावाला वीज खात गाढ झोपलेला, ठेवा, तो ठरल्या वेळेला उठेल, मॉसफेटनं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचनं, पायची लाईन चालू करेल, पायनं फोटो बघून निरोप पाठवायचा आणि स्वतः शटडाऊन व्हायचं, मग ईएसपीनं लाईन तोडायची. शटडाऊनच्या आधी तोडली तर एसडी कार्ड गेलंच समजा, माझं एक गेलंय.

वायरिंगचं एक सांगतो, बॅटरीपासनं लांबवर 12 व्होल्टच न्या आणि 5 व्होल्टचा बक कन्व्हर्टर बोर्डाला चिकटून लावा. मी उलटं केलं होतं, बारीक वायरीत व्होल्टेज पडायचं आणि कोर चारही पळाले की बोर्ड रीस्टार्ट, दोन दिवस प्रोग्रॅमला शिव्या घातल्या. मोठ्या पायवर व्होल्टेज 4.63 च्या खाली गेलं की वॉर्निंग येते, झिरोत ती सोयच नाय, त्यामुळं फोटोचं काम चालू असतानाच मल्टीमीटर लावून बघा.

आणि डबा 2019 च्या पाण्याची खूण बघून त्याच्यावर बांधा.