गाडीच्या साउंडमध्ये शिट्टी येते? फिल्टर विकत घेण्याआधी या चुका टाळा

पोळ्याच्या आधी, आणि मग कापूस विकून हातात पैसा आला की, आपल्याकडे गाडीत साउंड बसवायला गर्दी होते. बोलेरो पिकअप, छोटा हत्ती, काळी-पिवळी, ट्रॅक्टर, काहीही असो. स्टिरिओ नवा, अँप नवा, सीटमागे बास ट्यूब. गाडी बंद असताना आवाज एकदम मस्त. इंजिन सुरू झालं की स्पीकरमधून बारीक शिट्टी. रेस दिली की चढते, पाय काढला की उतरते. गाडी दुकानात परत नेली तर उत्तर ठरलेलं असतं: "फिल्टर (शिट्टी अडवायला वायरमध्ये लावायची डबी) टाकून घ्या भाऊ, बरोबर होऊन जाते."

क्वचित होतंही. पण बहुतेक गाड्यांत ते दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असं होतं. दोष असतो अर्थिंगमध्ये, म्हणजे करंट बॅटरीच्या मायनसला परत नेणाऱ्या जोडणीत, आणि तो पॉलिश पेपरचा तुकडा, एक चांगला थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं कडं) आणि थोडी मेहनत यांनी जातो. फिल्टरला हात लावायचाच असेल तर सगळ्यात शेवटी लावा.

आवाज न ओळखता खोलाखोल करणं

आधी नीट ऐका. रेससोबत चढणारी-उतरणारी शिट्टी अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राची. साधारण अल्टरनेटरला १२ पोल असतात आणि त्यातून निघणारा तीन फेजचा करंट डायोडमधून सरळ होतो. म्हणजे एका फेऱ्यात ३६ बारीक लाटा. इंजिन नुसतं आयडलवर असलं तरी सेकंदाला हजाराच्या आसपास लाटा होतात, आणि रेस दिली की हा आकडा आपल्या कानाला सगळ्यात टोचणाऱ्या पट्ट्यात चढतो. म्हणून ही शिट्टी गाण्यावरही ऐकू येते.

इंजिन बंद असतानाही सतत "श्श्श" येत असेल तर अल्टरनेटरचा संबंध नाही, तो गेनचा, म्हणजे आलेला सिग्नल किती मोठा करायचा ते ठरवणाऱ्या अँपवरच्या स्क्रूचा दोष आहे. टक-टक-टक असा आवाज रेससोबत वेगाने वाढत असेल आणि गाडी पेट्रोल किंवा सीएनजीची असेल, तर प्लग आणि प्लगच्या वायरी बघा. डिझेल इंजिनला ठिणगी टाकणारा प्लगच नसतो, त्यामुळे डिझेल पिकअपमध्ये कोणी प्लग बदलायला सांगत असेल तर त्याचं ऐकू नका.

मग स्टिरिओचा आवाज शून्यावर आणा. शिट्टी तेवढीच राहिली तर ती स्टिरिओच्या पुढे, म्हणजे ऑडिओ वायर, अँप किंवा अर्थिंगमधून शिरते आहे. आवाज कमी केल्यावर शिट्टीही कमी झाली तर ती स्टिरिओच्या आधीच आली आहे: फोन, चार्जर, अँटेना. आकाशवाणीवर खरखर आणि पेनड्राइव्हवर स्वच्छ, असं असेल तर अँटेनाचा अर्थ तपासा आणि नवीन लावलेले स्वस्त एलईडी लाइट एकदा बंद करून बघा. त्या लाइटच्या आतलं सर्किट नागपूर केंद्राच्या मध्यम लहरीवर सर्रास खरखर टाकतं.

अर्थ वायर मिळेल त्या बोल्टला बांधणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि सगळ्यात जास्त दिसणारी.

गाडीची बॉडी हीच बॅटरीच्या मायनसची वाट असते. हेडलाइट, हॉर्न, चार्जिंग, सगळ्यांचा करंट त्याच पत्र्यातून परत जातो. त्यामुळे डॅशबोर्डजवळचा पत्रा आणि सीटमागचा पत्रा यांच्यात थोडासा व्होल्टेजचा फरक राहतोच. स्टिरिओचा अर्थ पुढे, अँपचा मागे, आणि दोघांना जोडणारी ऑडिओ वायर मध्ये. तो फरक त्या वायरच्या जाळीतून वाट काढतो आणि अँप त्याला गाण्यासारखाच मोठा करतो. फरक काही मिलिव्होल्टचा असला तरी पुरतो.

पिकअपमध्ये यात आणखी भर पडते. या गाड्यांची चासी वेगळी आणि कॅबिन वेगळी; कॅबिन रबरी बुशवर बसलेली असते. रबरातून करंट जात नाही, म्हणून कॅबिन, चासी आणि इंजिन यांना जोडणाऱ्या अर्थच्या पट्ट्या किंवा केबल दिलेल्या असतात. आपल्या गाड्या युरिया, डीएपी वाहतात. खताचा चुरा हवेतला ओलावा ओढतो, पावसाळ्यात तो बोल्टच्या फटीत बसतो आणि धातू खातो. वरून पट्टी शाबूत दिसते. बोल्ट खोलला की थिंबलखाली पांढरट-हिरवी भुकटी आणि लाल गंज. अशा गाडीत कितीही महागडा अँप बसवा, त्याचा करंट परत जायला वाट शोधत ऑडिओ वायरवरच येणार.

सीटच्या बोल्टला अर्थ बांधू नका. त्याच्याखाली रंग असतो, आट्यांना चिकट द्रव लावलेला असतो, आणि सीटबेल्टच्या बोल्टशी खेळणं तर जिवाशी खेळणं आहे. जाड पत्र्याची किंवा चासीची जागा निवडा. आरपार भोक पाडण्याआधी खाली हात घालून डिझेलची टाकी, ब्रेकचा पाइप, वायरिंग नाही ना ते बघा. थिंबल बसेल एवढा गोल पॉलिश पेपरने घासा, पांढरा चकचकीत धातू दिसेपर्यंत. रंगही नको आणि त्याखालचा राखाडी प्रायमरही नको. थिंबल दाबून बसवा, दाते असलेला वॉशर घाला, नट घट्ट करा आणि मग वरून ग्रीस किंवा रंग लावा. वायर पॉझिटिव्हएवढीच जाड आणि होईल तेवढी आखूड, अर्ध्या मीटरच्या आत असली तर उत्तम.

काम झालं की मोजा. गाडी सुरू, हेडलाइट चालू, गाणं मोठ्याने. मल्टीमीटर डीसी २००० मिलिव्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं अँपच्या ग्राउंड (अर्थ) स्क्रूला. आकडा १०० मिलिव्होल्टच्या आत असेल तर चांगलं. ३००-४०० दिसत असेल तर वाटेत कुठेतरी गंज आहे, किंवा वायर बारीक आहे. मग एक टोक एकेक जोड पुढे सरकवत जा, आकडा जिथे उडी मारतो तोच जोड खराब. ओहमवर ठेवून अर्थ तपासायचा प्रयत्न करू नका. साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरीच अर्धा ओहम दाखवतात.

बॅटरीच्या मायनसपासून चासीला आणि इंजिनला एकेक जास्तीची जाड केबल टाकली तर जुन्या पिकअपमध्ये शिट्टीच नाही, सेल्फचा आळसही पुष्कळदा जातो.

ऑडिओ वायर आणि पॉवर वायर एकाच बाजूने नेणं

पॉवर वायर डाव्या दाराखालून गेली तर ऑडिओ वायर उजवीकडून न्या. कुठे एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात. दोन्हींची टेप गुंडाळून एक जुडी केलेली दिसते. दिसायला नीटनेटकी, पण शिट्टीला आमंत्रण.

पॉवर वायर घेताना ब्लेडने एक तार खरवडून बघा. वरून तांब्याचा रंग आणि आत पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर. तिचा रोध शुद्ध तांब्यापेक्षा सुमारे दीडपट. जाड प्लास्टिकमुळे बोटाएवढी दिसते, आत माल निम्मा.

आणि फ्यूज. बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत, वायरच्या क्षमतेचा. हे शिट्टीसाठी नाही, जिवासाठी. अँपजवळ फ्यूज आहे म्हणून बॅटरीजवळ नको, असं सांगणारे भेटतात. पण मधली सगळी वायर पत्र्यावर घासत जाते, गोठ्याजवळ गाडी उभी असली तर उंदीर ती कुरतडतात, आणि मागे हौद्यात कापूस भरलेला असतो. फ्यूजशिवायची वायर पत्र्याला टेकली तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. कृपा करून हा फ्यूज टाळू नका.

मायनस म्हणजे अर्थ समजणं

जुन्या टेपमध्ये स्पीकरचा मायनस बॉडीला जोडला तरी चालायचं. आताच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर आवाज असतो, त्यातली एकही अर्थ नाही. मायनस पत्र्याला जोडला तर आवाज फाटतो आणि आतली आयसी जळते. दारातली स्पीकरची वायर बिजागरीजवळ सोलून पत्र्याला टेकली तरी तेच.

गेनला आवाजाचं बटण समजणं

गेन पूर्ण फिरवला की गाण्यासोबत कचराही मोठा होतो. गेन शून्यावर, स्टिरिओ पाऊण आवाजावर, मग गेन आवाज फाटायच्या आधीपर्यंत हळूहळू वाढवा आणि किंचित मागे घ्या. बस.

दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते न शोधणं

अँप बंद करा, त्याच्या मागच्या ऑडिओ पिन काढा, परत चालू करा. शिट्टी राहिली तर अँपचा अर्थ, पॉवर किंवा अँपच. गेली तर स्टिरिओ किंवा ऑडिओ वायर. आता एखादा फोन, चार्जरला न लावलेला, ऑडिओ केबलने थेट अँपला जोडा. फोनवर स्वच्छ वाजलं तर स्टिरिओच्या अर्थकडे वळा.

पिन काढा-घाला करताना अँप नेहमी बंद ठेवा. काही स्टिरिओंमध्ये ऑडिओ पिनच्या बाहेरच्या कड्याचा अर्थ एका अतिबारीक फ्यूजमधून जातो; चालू अँपवर पिन ओढल्या किंवा अँपचा अर्थ सुटला की तो उडतो, आणि त्यानंतर कायमची शिट्टी. तपासायला एक तार पिनच्या कड्यापासून स्टिरिओच्या पत्र्याच्या डब्याला टेकवा. शिट्टी गपकन थांबली तर हाच दोष.

फोन चार्जिंगला लावून ऑक्सवर गाणी वाजवताना शिट्टी येत असेल आणि चार्जर काढल्यावर जात असेल, तर तिथे ग्राउंड लूप आयसोलेटर खरंच उपयोगी आहे. आत छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. स्वस्तातला बास थोडा खातो. पॉवर वायरवरचा फिल्टर मात्र विचार करून घ्या. ५०० वॉटचा खरा अँप मोठ्या आवाजात ५० अँपिअरच्या आसपास करंट ओढतो, त्याच्या वाटेत १० अँपिअरचा फिल्टर लावला तर तो तापतो आणि बासही मरतो.

चालू गाडीत बॅटरीची केबल काढणं

"अल्टरनेटर चांगला आहे का बघू" म्हणत हे अजूनही केलं जातं. बॅटरी सुटताच अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर कित्येक पटीने उसळतं आणि स्टिरिओ, अँप, गाडीचा ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) यांपैकी काहीही जाऊ शकतं. चार्जिंग तपासायचं तर मीटर लावा: इंजिन सुरू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट.

सगळे अर्थ स्वच्छ करूनही शिट्टी तशीच असेल, लाइट आयडलवर थरथरत असतील, तर अल्टरनेटरचा एखादा डायोड गेलेला असू शकतो. त्यासाठी बॅटरीवर एसी व्होल्ट मोजतात. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर डायोड प्लेट खराब. पण बाजारातल्या साध्या पिवळ्या मीटरवर हे करू नका. त्याची सगळ्यात लहान एसी रेंज २०० व्होल्टची असते, आणि डीसीवर लावला की तो कधी शून्य, कधी बॅटरीच्या दुपटीच्या आसपास असा खोटाच आकडा दाखवतो. ज्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे चांगला मीटर आहे त्याच्याकडून तपासून घ्या, आणि हे काम लांबवू नका. गळका डायोड उभ्या गाडीची बॅटरी रात्रभर उतरवत राहतो.