प्रश्न आधी, व्याख्यान नंतर: कॉलेजचा तास कसा बदलायचा

तास विद्यार्थीकेंद्री करायचा, तर सुरुवात एकाच वर्गापासून आणि एकाच घटकापासून करा. अख्ख्या सेमिस्टरचा ढाचा एकदम बदलायला गेलात, तर दिवाळीच्या आत पुन्हा डिक्टेशनवर याल. ६० मिनिटांच्या तासातली १५ मिनिटं या बदलाला पहिल्या महिन्यात पुरे. बाक गोलाकार लावले किंवा पोरांनी पीपीटी वाचून दाखवली म्हणून तास विद्यार्थीकेंद्री होत नाही. सरांचं किंवा मॅडमचं उत्तर कानावर पडण्याआधी वर्गातल्या प्रत्येकाला स्वतःचं उत्तर ठरवावं लागलं का, एवढीच कसोटी लावा.

खरी मेहनत प्रश्न तयार करण्यात आहे. बी.ए.च्या पहिल्या वर्षाचं अर्थशास्त्र घ्या. ‘मागणीचा नियम सांगा’ असं विचारलं की ज्याचं पाठ आहे तो उत्तर देतो आणि बाकीचे सुटतात. त्याऐवजी फळ्यावर हे लिहा:

अवकाळी पावसाने तासगाव भागातल्या द्राक्षबागांचं नुकसान झालं. सांगलीच्या बाजारात द्राक्षं महागली आणि गिऱ्हाईक कमी किलो घेऊ लागलं. द्राक्षांच्या मागणीवक्राचं काय झालं?
अ) डावीकडे सरकला.
ब) उजवीकडे सरकला.
क) जागेवरच राहिला, आपण त्याच वक्रावर वर गेलो.
ड) मागणी आणि पुरवठा, दोन्ही वक्र डावीकडे सरकले.

बरोबर उत्तर क. पुरवठा घटल्याने भाव चढला आणि भाव चढल्याने मागणीचा संकोच झाला. अ निवडणारा संकोच (भाव चढल्याने खरेदी घटणं) आणि ऱ्हास (भाव तोच असताना मागणी घटणं, म्हणजे वक्रच डावीकडे सरकणं) यांत गल्लत करतोय. ब निवडणाऱ्याला वाटतं, भाव चढला म्हणजे मागणीच वाढली असणार. ड वाल्याला पुरवठ्याचं बरोबर कळलंय, पण खरेदी घटली की मागणीवक्र हलतोच, असं तो धरून चाललाय. म्हणजे प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक नेमका गैरसमज हवा. मागच्या वर्षीच्या उत्तरपत्रिका चाळा, असे गैरसमज तिथे आयते सापडतात. एका घटकाला असे दोन-तीन चांगले प्रश्न मिळाले तरी भरपूर.

प्रश्न लिहून झाला की एक मिनिट पूर्ण शांतता. या मिनिटाला शिक्षकच आधी कच खातात. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांचं निरीक्षण केलं, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. हाच वेळ तीन सेकंदांवर गेला की उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागली. तेव्हा घड्याळाकडे बघा, पण इशारा देऊ नका, अर्धं उत्तर सुचवू नका.

मग उत्तर बोटांनी मागा: अ ला एक, ड ला चार. बोटं छातीशी धरायची. हात वर गेले की मागचे पुढच्यांचं बघून बदलतात. ८० जणांची मोजणी करत बसू नका. पुढचे, मधले आणि शेवटचे दोन-दोन बाक पाहिले की अंदाज येतो. हार्वर्डचे भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांनी १९९१ पासून रुळवलेली ही प्रश्न, मत आणि चर्चेची पद्धत. त्यांचा आडाखा सोपा आहे: ३० टक्क्यांहून कमी बरोबर असतील तर मुद्दा पुन्हा समजावा, ७० च्या वर असतील तर थोडक्यात सांगून पुढे जा. मधे असतील, तर चर्चा.

चर्चा तीन मिनिटं, शेजाऱ्याशी. आपल्याकडे बऱ्याच वर्गांत बाक जमिनीला ठोकलेले असतात, त्यामुळे बाकावरचे दोघं-तिघं हाच गट धरा. सहाजणांच्या गटात दोघं बोलतात, चौघं बघत बसतात. बोलणं घरच्या बोलीत होऊ द्या. पारिभाषिक शब्द शेवटी फळ्यावर येईलच. पुन्हा बोटं मागा, दोन वेगळ्या उत्तरांची कारणं वर्गासमोर ऐका, आणि मग पाच मिनिटं तुम्ही नीट समजावून सांगा. हे शेवटचं स्पष्टीकरण कधीही गाळू नका. आता ते ऐकायला वर्ग आतुर असतो.

‘पोर्शन कसा संपणार?’ ही अडचण खरी आहे. प्रत्येक घटकातली व्याख्या, प्रकार, फायदे-तोटे अशी वाचून समजणारी दोन पानं घरी द्या, सोबत तीन प्रश्न द्या. ती पानं वर्गात पुन्हा समजावली की दुसऱ्या आठवड्यापासून कोणी वाचून येणार नाही. न वाचता आलेल्यांची चलबिचल सोसा, पण ठाम राहा.

दुसरी तक्रार येईल, ‘सर शिकवतच नाहीत’. हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा २०१९ चा अभ्यास इथे उपयोगी पडतो: अशा तासांत विद्यार्थी जास्त शिकले, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटलं. डोक्याला ताण पडला की तसं वाटतंच. हे वर्गाला पहिल्याच आठवड्यात मोकळेपणाने सांगा.

शेवटची तीन मिनिटं चिठ्ठीला. पाव कागद, बिननावी, एकच ओळ: ‘आज कुठे अडलं?’ चिठ्ठ्या घंटेच्या आधीच गोळा करा, नंतर एसटी गाठायची घाई असते. ८० चिठ्ठ्यांचे तीन-चार ढीग करायला पंधरा मिनिटं लागतात. पुढचा तास सर्वांत मोठ्या ढिगापासून सुरू करा. तसं केलं नाही, तर थोड्याच दिवसांत सगळ्या चिठ्ठ्यांवर ‘सर्व समजले’ येईल.

वाणिज्यच्या वर्गात घरून आडत्याची जुनी पट्टी, म्हणजे शेतमाल विकल्याची हिशेबाची पावती, आणायला सांगा, नाव झाकून. वजन, दर, हमाली, तोलाई, हाती आलेली रक्कम. हळदीच्या एका पट्टीवर टक्केवारी, खर्चाची विभागणी आणि जमाखर्चाच्या नोंदी असे तीन तास सहज होतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापली, तेव्हापासून कष्टकऱ्यांची मुलं या भागात शिकायला येतात. त्यांच्या घरातला हिशेब वर्गात यायलाच हवा. ज्यांच्या घरी शेती नाही, त्यांना किराण्याची बिलं चालतील.

अंतर्गत गुण जुन्या पद्धतीनेच दिलेत, तर विद्यार्थी आयएमपीच, म्हणजे परीक्षेला हमखास येणारे प्रश्नच, मागणार. चाचणीतला निदान अर्धा भाग वर दिला तशा प्रश्नांचा ठेवा आणि ‘कारण लिहा’ याला पर्यायापेक्षा जास्त गुण द्या. गटकामात गुण वैयक्तिक. सादरीकरणाला कोणालाही आयत्या वेळी उठवलं जाईल, हे आधीच सांगा.

महिन्याने विभागातल्या सहकाऱ्याला शेवटच्या बाकावर बसवा. त्यांनी दर मिनिटाला एवढंच लिहायचं: कोण बोलतंय, शिक्षक की विद्यार्थी. त्या कागदावर सलग पंधरा मिनिटं तुमचाच आवाज दिसला, तर पुढचा प्रश्न बरोबर तिथे घाला.