सिट्रस परफ्युम 'टिकतच नाही' म्हणताय? आधी या चुका टाळा

लिंबाची साल नखाने दाबून बघा. बारीक फवारा उडतो, बोटांना एकदम तरतरीत वास येतो आणि थोड्याच वेळात तो शोधावा लागतो. फ्रेश सिट्रस परफ्युमचंही तेच आहे. लिंबू, संत्रं, बर्गामोट (लिंबाच्याच जातीचं एक सुगंधी फळ) यांच्या सालीच्या तेलात बरंचसं लिमोनीन असतं, त्याचा रेणू छोटा आणि हलका, म्हणून तो भराभर उडून जातो. कोणी मालात कंजुषी केलीय म्हणून नाही, त्या तेलाचा गुणच तसा आहे. तरी लोक अर्ध्या तासात निकाल लावतात आणि चांगली बाटली कपाटात पडून राहते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिल्या दहा मिनिटांवर विकत घेणं किंवा नाकारणं. एका परफ्युमला मी असंच नाकारलं होतं, स्प्रे केल्या केल्या रोझमेरीचा कापरासारखा झणका आला, औषधी वाटलं, बाटली परत ठेवली आणि विसरून गेले. थोडा स्प्रे शर्टाच्या कफवर पडला होता. रात्री शर्ट काढताना कफ नाकाशी आला तर तिथे कोरडा, स्वच्छ, वाळ्यासारखा मऊ वास, लिंबाचा मागमूस नाही पण गारवा तसाच. दुसऱ्या दिवशी जाऊन तीच बाटली आणली. तेव्हापासून माझा नियम ठरलाय, हातावर एक स्प्रे, मग १५ मिनिटांनी, एका तासाने आणि तीन तासांनी वास घ्यायचा. आधी साल, मग बेसिल, सेज, लॅव्हेंडरसारखा पाल्याचा भाग आणि शेवटी वाळा, देवदार, मस्क (कस्तुरीसारखा वास) असं काहीतरी उरतं. दिवसभर तुमच्या सोबतीला हा शेवटचाच भाग असतो, म्हणून तो आवडला तरच घ्या. नुसत्या कागदी स्ट्रिपवर ठरवू नका, कागदाला अंगाची ऊब नसते त्यामुळे तिथे वास वेगळ्या गतीने उलगडतो.

मनगटं एकमेकांवर घासायची सवय बऱ्याच जणांना असते. त्याने रेणू तुटतात वगैरे सांगतात ते खरं नाही, पण घासल्याने त्वचा गरम होते आणि वरचा लिंबाचा भाग अजून लवकर उडतो, आणि इथे तर तोच भाग आधीच कमी वेळाचा पाहुणा आहे. फवारा मारा आणि वाळू द्या, बस.

"मला वास येत नाही म्हणजे गेला" हीसुद्धा चूकच. आपलं नाक एकाच वासाला पटकन सरावतं, शिवाय काही मस्क काही लोकांना जवळजवळ येतच नाहीत. दोन तासांनी घरातल्या कोणाला तरी विचारा, तुम्ही नाही म्हणत असाल आणि ते हो म्हणत असतील तर अजून चार स्प्रे मारू नका. नाक ताजं करायला कॉफीच्या बिया हुंगण्यातही खास काही नाही, साधी मोकळी हवा पुरते.

आता टिकण्याबद्दल. ओ द पारफ्युम, म्हणजे जास्त अर्काचं परफ्युम, घेतलं की लिंबू दिवसभर टिकेल असं समजून लोक जास्त खर्च करतात, पण अर्क वाढवला तरी साल थांबत नाही, बहुतेक वेळा खालचा भाग जड होतो. १७०९ मध्ये जर्मनीतल्या कोलोनमध्ये योहान मारिया फारिना याने बनवायला घेतलेलं ओ द कोलोन सिट्रसच्याच घराण्यातलं, तसं हलकं सुगंधी पाणी दिवसातून पुन्हा पुन्हा लावायचंच असतं. म्हणून छोट्या स्प्रे बाटलीत थोडं बरोबर ठेवा, त्वचेला आधी बिनवासाचं लोशन लावा, नाहीतर कपड्यावर मारा, तिथे ते जास्त रेंगाळतं (रेशीम आणि पांढऱ्या कापडाच्या आतल्या कोपऱ्यात आधी डाग पडतो का बघा). ताजेपणा लांबवायची कला परफ्युमरकडेही आहे, १९६६ च्या डिऑर कंपनीच्या ओ सोव्हाज या परफ्युममध्ये एदमों रुदनित्स्काने हेडिओन नावाचा हलका, जाईसारखा घटक वापरला तो त्यासाठीच गाजला.

हे बायकांचं की पुरुषांचं, हा प्रश्न तर सोडूनच द्या. १९९४ मध्ये कॅल्विन क्लाइनचं सीके वन हे परफ्युम दोघांसाठी म्हणूनच आलं. लॅव्हेंडर कोणाच्या अंगावर जास्त शोभतं हे लेबल ठरवत नाही.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. बर्गामोटच्या सालीच्या तेलात बर्गॅप्टेन असतं, ते त्वचेवर असताना कडक ऊन लागलं तर भाजल्यासारखं होऊन काळपट डाग पडू शकतात. आता बऱ्याच ठिकाणी ते काढून टाकलेलं तेल वापरतात, पण घरी तेलं मिसळून बनवलेलं परफ्युम असेल तर मानेवर लावून उन्हात जाऊ नका.

बाटली खिडकीत किंवा बाथरूममध्ये ठेवू नका. उजेड, उष्णता आणि हवेने लिमोनीन बिघडतं, वास टर्पेंटाइनकडे झुकतो आणि त्वचेला त्रास द्यायची शक्यता वाढते. जुनी बाटली काढलीत तर पहिले दोन स्प्रे कागदावर मारा कारण नळीत अडकलेला भाग आधी खराब झालेला असू शकतो, तिसरा स्प्रे नव्या कागदावर घ्या, तोही थिनरसारखा येत असेल तर अंगावर लावू नका.