पोरगं बाराखडी म्हणतं, पण वाचत नाही? पहिली-दुसरीत या चुका टाळा

माझी उभी नोकरी विदर्भातल्या खेड्यांत, जिल्हा परिषदेच्या शाळेत, पहिली-दुसरीच्या वर्गावर गेली. पालकांची तक्रार एकच असते : "बाई, पोरगं बाराखडी त घडाघडा म्हन्ते, पन पुस्तक काढलं का मुकाट बसते."

आधी वाचन कुठं अडलंय ते शोधा. गावोगावच्या मुलांचं वाचन तपासणाऱ्या 'असर' सर्वेक्षणाच्या पायऱ्या घरीही वापरता येतात : अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथं थांबलं, शिकवणं तिथूनच सुरू करायचं. वर्ग तिसरीचा असला तरी.

सर्वांत मोठी चूक म्हणजे तालावर विश्वास ठेवणं. 'क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि' तोंडपाठ झालं म्हणजे अक्षरं आली असं नव्हे. एकट्या 'कु'वर बोट ठेवून पाहा. मूल ओठांतल्या ओठांत 'क, का, कि, की' करत तिथवर आलं, तर त्याला रांग येते, 'कु' येत नाही. म्हणून 'ज्ञ' संपायची वाट पाहू नका. क, म, न, ल, र ही पाच अक्षरं आणि काना एवढ्यावर काका, मामा, मका, कान, नाक, नाला, रान हे शब्द होतात. अक्षरं जोडली की ओळखीचा शब्द निघतो, हे मुलाला पहिल्या महिन्यातच कळलं पाहिजे.

पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, उच्चार मात्र नंतर येतो. 'दिवा' वाचताना मूल अडखळलं तर त्याचं बोट आधी 'द'वर न्या, मग वेलांटीवर. घ-ध, भ-म या जोड्या एकाच दिवशी शिकवू नका. एक पक्कं झाल्यावरच दुसरं.

पुढची चूक मला फार सलते. मुलगी पुस्तकात 'डोळा' पाहते आणि 'डोया' म्हणते. लगेच वरून आवाज येतो, "नीट वाच!" अहो, तिनं नीटच वाचलंय. वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो, 'पाणी'चं 'पानी' होतं. छापलेला शब्द ओळखून तिनं तो घरच्या बोलीत म्हटला, म्हणजे अर्थ पोचला. वाक्य पुरं होऊ द्या. शब्दाशब्दाला टोकलं तर ती वर्गात तोंड उघडणं सोडते, आणि गप्प बसलेल्या मुलाला वाचायला शिकवणं फार कठीण. 'ळ'चं काम लिहिताना करा. काळा, केळी, शाळा हे शब्द ती म्हणते तसे ऐका आणि पुस्तकात कसे लिहितात ते शेजारी दाखवा.

मेळघाटातल्या कोरकू किंवा गडचिरोलीतल्या माडिया-गोंडी घरच्या मुलांची अडचण वेगळी. तिथं मराठी शब्दच नवा असतो. आधी वस्तू हातात, मग बोलणं, अक्षर त्यानंतर. त्यांच्या भाषेतला शब्द त्यांनाच विचारा आणि तोही फळ्यावर देवनागरीत लिहा.

वही देखणी आहे म्हणूनही निश्चिंत होऊ नका. फळ्यावरून उतरवणारी कित्येक मुलं अक्षरांचं चित्र काढत असतात. त्याच्याच वहीतली ओळ शेवटच्या शब्दाकडून मागे वाचायला सांगा. पाठांतर असेल तर तिथंच उघडं पडतं. मग पाटीवर त्याच्या मनातलं एक वाक्य लिहू द्या. 'माही माय वावरात गेली' असं लिहिलं तरी त्यावर लाल रेघ ओढू नका. ते त्याचं पहिलं स्वतःचं लेखन आहे.

जोडाक्षरांची घाई नको. त्यातही सूर्य, क्रम, ट्रक यांतला 'र' वेगवेगळ्या दिवशी घ्या.

कापूस वेचणीत धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहिलेली मुलगी परत आली की तिला चालू धड्यावर बसवू नका. जिथं सुटलं तिथून घ्या, रोज दहा मिनिटं, शेजारी बसून. घरी आई शिकलेली नसेल तरी तिला सांगा, रात्री भाकरी थापता थापता लेकीचं वाचन ऐकत जा.