न्यू जर्सीत घर घेण्याआधी नकाशा बघा

ओक ट्री रोडवरची भारतीय दुकानं, रूट वन हा महामार्ग आणि न्यूयॉर्कची ट्रेन एवढ्यावर इथलं पहिलं वर्ष आरामात निघतं. पण भाड्याच्या करारावर सही करण्याआधी राज्याचा नकाशा एकदा उघडा.

पूर्वेला हडसन आणि अटलांटिक, पश्चिमेला डेलावेअर नदी. न्यूयॉर्कला लागलेली उत्तरेची हद्द सोडली तर सगळीकडून पाणीच. १६७६ मध्ये इंग्रजांच्या या वसाहतीचे ईस्ट जर्सी आणि वेस्ट जर्सी असे दोन तुकडे झाले, १७०२ मध्ये ते पुन्हा जोडले गेले. प्रिन्स्टनजवळचा प्रोव्हिन्स लाइन रोड त्याच सीमेची खूण. ओढ मात्र अजून दोन दिशांना आहे. उत्तरेकडच्यांना न्यूयॉर्क जवळचं, दक्षिणेकडच्यांना फिलाडेल्फिया. ऑफिसात अमेरिकन फुटबॉलचा विषय काढून बघा, कोण कुठल्या शहराच्या संघाचा ते लगेच कळेल.

आता घराचं. आपली बरीच मंडळी रॅरिटन नदीच्या खोऱ्यात राहतात. मॅनव्हिलला रॅरिटन आणि मिलस्टोन एकत्र येतात, म्हणून ते गाव वारंवार बुडतं. बाउंड ब्रूकची १९९९ च्या फ्लॉइड वादळात दैना झाली होती. २०२१ च्या सप्टेंबरात आयडा वादळाच्या पावसात राज्यात कित्येकजण गाडीतच अडकून बुडाले. तेव्हा रस्त्यावर पाणी दिसलं की गाडी वळवा, मीटिंग गेली तरी चालेल. २०२४ पासून घरमालकानं पुराचा धोका भाडेकरूला लेखी सांगायचा असा कायदा आहे. तो सांगेल म्हणून थांबू नका, आपण विचारा. तळघरातली स्वस्त जागा मी तरी कुणाला सुचवत नाही.

गॅस (म्हणजे पेट्रोल) भरताना गाडीतून उतरू नका, स्वतः भरायला इथे १९४९ पासून बंदी आहे.

समुद्रकिनाऱ्याला इथे ‘बीच’ नाही, ‘शोअर’ म्हणायचं. कोकणासारखे डोंगर पाण्यात उतरलेले दिसणार नाहीत; सपाट वाळू आणि किनाऱ्याला समांतर लांबट बेटं. उन्हाळ्यात बऱ्याच गावांत वाळूवर जायलाही पैसे देऊन बॅज घ्यावा लागतो. अटलांटिक सिटी आणि वाइल्डवुड मात्र फुकट.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे दक्षिणेकडचं पाइन बॅरन्स. शेतीला निकस म्हणून हिणवलेली ही रेताड जमीन पावसाचं पाणी भराभर जिरवते, खाली गोड्या पाण्याचा प्रचंड साठा आहे. इथल्याच आम्लयुक्त मातीत व्हाइट्सबॉगला एलिझाबेथ व्हाइट यांनी लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक १९१६ मध्ये बाजारात आणलं. जुलैच्या सुरुवातीला हॅमंटनच्या बाजूला मुलांना घेऊन ब्लूबेरी तोडायला जा. घरी आल्यावर त्यांचे गुडघे, काखा आणि कानामागची जागा तपासा. गोचीड चावून इथे लाइम नावाचा आजार होतो.