वाय-फायची बँडविड्थ मोजताना या चुका टाळा

इंटरनेटचा प्लॅन २०० एमबीपीएसचा (सेकंदाला २०० मेगाबिट), अभ्यासिकेत पोरं ४०, म्हणजे प्रत्येकाला ५. हा भागाकार करून लोक मोकळे होतात आणि संध्याकाळी लेक्चरचे व्हिडिओ अडकले की थेट प्लॅन वाढवतात. अडचण बहुतेक वेळा इंटरनेटच्या लाइनमध्ये नसतेच. एका चॅनेलवर, म्हणजे वाय-फायच्या एका ठरावीक फ्रिक्वेन्सी पट्ट्यावर, साधारणपणे एका वेळी एकच डिव्हाइस बोलू शकतं, राउटरही त्याच रांगेत असतो. वाटून घ्यायचा असतो तो हवेतला वेळ.

कोपऱ्यातलं डिव्हाइस हिशोबात न धरणं. सगळ्यात महागात पडणारी चूक. समजा २.४ गिगाहर्ट्झवर राउटरजवळचा लॅपटॉप एकटा असताना ८० एमबीपीएस घेतो आणि दोन भिंतींपलीकडचा जुना मोबाइल एकटा असताना ५. दोघांना एकदम सारखाच डेटा द्यायचा झाला तर सरासरी काढून ४२ सांगणारे भेटतात. खरा हिशोब वेळेचा: एका मेगाबिटला लॅपटॉप १/८० सेकंद घेतो, मोबाइल १/५ सेकंद. बेरीज ०.२१२५ सेकंद, म्हणजे प्रत्येकाला जेमतेम ४.७ एमबीपीएस. ९४ टक्के वेळ मोबाइलनेच खाल्ला. राउटरमध्ये एअरटाइम फेअरनेस (प्रत्येक डिव्हाइसला सारखा वेळ देणारं सेटिंग) असेल तर चालू करा. वेळ अर्धा-अर्धा होतो, लॅपटॉपला ४० मिळतात आणि मोबाइलला २.५. त्याहून बरं म्हणजे त्या कोपऱ्यापर्यंत केबल ओढून वेगळ्या चॅनेलवर दुसरा ॲक्सेस पॉइंट (केबलवरून वाय-फाय देणारा डबा) लावणं. केबल ओढायचा कंटाळा म्हणून रिपीटर (वाय-फाय पकडून पुढे पाठवणारा डबा) आणू नका. एकाच रेडिओवर तो प्रत्येक पॅकेट दुसऱ्यांदा पाठवतो. कांड्या भरलेल्या दिसतात, बँडविड्थ मात्र निम्म्यावर येते.

लिंक स्पीड खरा मानणं. लिंक स्पीड म्हणजे डिव्हाइस आणि राउटर यांच्यात ठरलेला कागदावरचा वेग. सेटिंगमध्ये ८६६ एमबीपीएस दिसत असले तरी राउटरशेजारी बसूनही हातात ५००-६०० येतात. मी अंदाजाला निम्मेच धरतो, गर्दीच्या इमारतीत ४० टक्के.

स्पीड टेस्टवर विसंबणं. लाइन आणि वाय-फाय यांत जे कमी तेच ती दाखवते. नुसतं वाय-फाय मोजायचं तर एक लॅपटॉप केबलने राउटरला जोडा, त्यावर आयपर्फ३चा (वेग मोजायच्या प्रोग्रॅमचा) सर्व्हर चालवा आणि प्रत्येक जागेवरून ४ स्ट्रीम (एकाच वेळी चार जोडण्या), ३० सेकंद, दोन्ही दिशांनी चाचणी घ्या. त्याआधी केबलची लिंक १००० एमबीपीएस (गिगाबिट) दाखवते का ते बघा. एका क्लासमध्ये हे पाहिलं नव्हतं. कुठेही उभं राहा, आकडा ९४. चॅनेल बदलले, राउटर बदलला, मोबाइल बदलला, तरी ९४. वाय-फायचा आकडा इतका स्थिर राहत नाही, तो सतत हलतो. ९४ हा १०० एमबीपीएस इथरनेटचा आकडा. केबलच्या आठ तारांपैकी सातवी कनेक्टरमध्ये नीट बसली नव्हती, म्हणून गिगाबिटची लिंक १०० वर उतरली होती. टोक कापून नवा कनेक्टर दाबून बसवला आणि राउटरवरचा सगळा खर्च वाया गेल्याचं कळलं.

दुपारी मोजणं. रात्री ९ला शेजारची सगळी राउटरं जागी असतात. तेव्हाच मोजा.

२.४ गिगाहर्ट्झवर चॅनेलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ ठेवणं. २० करा, चॅनेल १, ६ किंवा ११.

एमबी आणि एमबीपीएस यांची गल्लत. एमबी म्हणजे मेगाबाइट, आणि एका बाइटमध्ये आठ बिट. म्हणून डाउनलोड मॅनेजरमधल्या ५ एमबी प्रतिसेकंद म्हणजे ४० एमबीपीएस.

आता वरच्या लॅपटॉप-मोबाइलच्या उदाहरणातलीच खोली घ्या. व्हिडिओला ३ एमबीपीएस धरले तर जवळचा लॅपटॉप ३/८०, म्हणजे ३.७५ टक्के वेळ घेतो. कोपऱ्यातला मोबाइल ३/५, म्हणजे ६० टक्के. मी बेरीज ७० टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही, कारण त्यापुढे पिंग (डेटा जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) उड्या मारू लागतो आणि व्हिडिओ कॉल तुटतात. मोबाइल असताना त्या चॅनेलवर दोनच लॅपटॉप मावतात. मोबाइल दुसऱ्या ॲक्सेस पॉइंटवर गेला की अठरा.